पक्क्या बिलाचा माल

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरून थोडे चालले की डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव पूर्वी या रस्त्याला होते, आणि व्यापारी, हमाल व गिऱ्हाईक यांच्या तोंडी ते अद्यापही टिकून आहे. मिनर्व्हासारखी चित्रपटगृहे, नाझच्या इमारतीतील चित्रपट-वितरकांच्या कचेऱ्या आणि रेडिओच्या सुट्या भागांची दुकाने यांनी एके काळी गजबजलेला हा रस्ता पुढे संगणकाच्या सुट्या भागांची पेठ झाला; आणि संगणक जुळवून देण्यावर ज्याचा चरितार्थ चालतो अशा माझ्यासारख्या माणसाच्या आयुष्याचा मोठा हिस्सा इथल्या अरुंद जिन्यांत आणि दुकानांच्या काउंटरांपुढे उभे राहण्यात गेला आहे.

चित्रपटांचे संकलन करणारे, इमारतींची त्रिमितीय चित्रे काढून घेणारे वास्तुविशारद, पुण्यातील ॲनिमेशनची छोटी कार्यालये आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे स्वतःच्या यंत्रावर चालवू पाहणारे तरुण अभियंते, असे माझे गिऱ्हाईक आहे. त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, की अस्सल भाग मिळतात कोठे. प्रश्नामागची धास्ती रास्तच आहे. कारण उच्च क्षमतेचा संगणक उभा करण्यास दोन-अडीच लाख रुपये सहज लागतात, आणि तेवढी रक्कम मोजताना बंद खोक्यात आपण नेमके काय घेत आहोत हे कळण्याचा मार्ग सामान्य माणसाजवळ नसतो. मी या प्रश्नाला दुकानाचे नाव सांगून उत्तर देत नाही. दीर्घ अनुभवाने माझी अशी खात्री झाली आहे की, ज्याच्या कारखान्यापासून आपल्या हातापर्यंतच्या प्रवासाचा प्रत्येक टप्पा कागदोपत्री दाखवता येतो आणि ज्याच्या बिघाडाला तीन वर्षांनीही उत्तर देणारा कोणी मनुष्य नावानिशी हजर असतो, तोच भाग खऱ्या अर्थाने अस्सल होय; बाकी सारा माल, तो कारखान्यातून कितीही निर्दोष बाहेर पडलेला असो, गिऱ्हाइकाच्या दृष्टीने अर्धाच खरा.

पुण्यात कर्वे रस्त्यावर ॲनिमेशनचे कार्यालय चालविणाऱ्या एका बाईंनी काही वर्षांपूर्वी मला बोलावणे पाठविले. त्यांच्या मुख्य यंत्रातील ग्राफिक्स कार्ड वर्षभर उत्तम चालून एके दिवशी अचानक बंद पडले होते. मी ते उतरवून टेबलावर ठेवले, मागच्या पत्र्यावरची चिठ्ठी भिंगाने वाचली, पंख्यांखालचे स्क्रू पाहिले. सगळे काही कंपनीचेच होते; कोठे खाडाखोड नव्हती, उघडल्याची खूण नव्हती. सेवाकेंद्राच्या खिडकीवर मात्र तो क्रमांक संगणकात घातल्याबरोबर उत्तर आले, की हा नग भारतातील वितरकाकडे कधी आलेलाच नाही, तो दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी पाठविलेला असून त्याची हमी इथे लागू होत नाही. बाईंजवळ दुकानाची एक चिठ्ठी होती. तीवर ‘ग्राफिक्स कार्ड, १ नग’ आणि रक्कम एवढाच मजकूर. दुकानदाराने फोनवर, आपण माल ‘टेस्टिंग वॉरंटी’वर दिला होता, असे सांगून हात झटकले. “पण कार्ड तर खरंच आहे ना हो?” असे त्या मला पुन्हा पुन्हा विचारीत होत्या, आणि त्यांना होय म्हणताना मला अत्यंत वाईट वाटत होते, कारण त्या खरेपणाचा त्यांना काडीइतकाही उपयोग उरला नव्हता.

या बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी त्याची वहिवाट समजून घेतली पाहिजे. मालाचा भाव विचारला की पुष्कळ ठिकाणी उलट प्रश्न येतो, “साहेब, बिल पाहिजे की नको?” बिल नको म्हटले की भाव उतरतो, आणि त्या उतरलेल्या भावाला भुलून माणसे कच्च्या चिठ्ठीवर माल उचलतात. टेस्टिंग वॉरंटी याचा अर्थ इतकाच, की काउंटरवर जोडून माल चालू असल्याचे दाखविले, पुढचे तुमचे तुम्ही पाहा. तिच्या वरची पायरी दुकानाच्या हमीची; दुकान असेतोवर आणि दुकानदाराची मर्जी असेतोवर ती चालते. कंपनीची हमी ही तिसरी गोष्ट, आणि तीच मागावी. संगणकाच्या सुट्या भागांवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे, आणि कच्च्या चिठ्ठीची सारी स्वस्ताई बहुधा त्या १८ टक्क्यांतून निघते. ज्या गिऱ्हाइकाची स्वतःची करनोंदणी आहे, अशा कार्यालयांना आणि व्यावसायिकांना तर भरलेल्या या कराची वजावट परत मिळते. म्हणजे त्यांनी कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला, तर बचत जवळजवळ काहीच होत नाही आणि हमी मात्र हातची जाते. एवढा साधा हिशेब कित्येक सुशिक्षित माणसे करीत नाहीत, याचा मला आजही खेद वाटतो.

पक्के बिल हाती आले तरी ते वाचावे लागते. त्यावर विक्रेत्याचा पंधरा अक्षरांचा करनोंदणी क्रमांक असतो. त्याची पहिली दोन अक्षरे राज्य सांगतात, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, दिल्लीचे ०७; आणि तो क्रमांक सरकारी संकेतस्थळावर घातला तर व्यापाऱ्याचे कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे मिनिटाभरात कळते. बिलावर प्रत्येक भागाचा स्वतंत्र सीरियल नंबर लिहून घेणे त्याहून महत्त्वाचे. “शेठ, नंबरासकट पक्कं बिल पाहिजे,” हे माझे या रस्त्यावरचे नित्याचे वाक्य आहे. जो दुकानदार ते ऐकून खोके उचलतो आणि क्रमांक टंकू लागतो त्याच्याकडे मी पुन्हा जातो. जो कुरकुर करतो त्याचा भाव कितीही गोड असो, मी जिना उतरतो.

खोके उघडण्याचा विधी मी गिऱ्हाइकाच्या समक्ष करतो. इंटेलचा प्रोसेसर घ्या. खोक्यावरील चिठ्ठीवर दोन क्रमांक असतात; एक घाण्याचा, ज्याला एफपीओ म्हणतात, आणि दुसरा त्या एका नगाचा, तो एटीपीओ. एफपीओ हा प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर लेसरने कोरलेला असतो, आणि दिवा तिरपा धरला की राखाडी पृष्ठभागावर ती बारीक अक्षरे उठून दिसतात. ती खोक्यावरच्या अक्षरांशी एकेक करून ताडावीत. नंतर दोन्ही क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून हमीची मुदत पाहावी. झाकणाच्या कडा घासलेल्या असतील, हिरव्या पाटीच्या तळाशी असलेल्या सोनेरी ठिपक्यांवर ओरखडे असतील किंवा झाकणाच्या कोपऱ्यात उष्णतावाहक लेपाचा वाळलेला अवशेष असेल, तर तो प्रोसेसर आधी कोठेतरी बसून आलेला आहे, मग खोक्याचे सील कितीही ताजे असो. सील हा पुरावा नव्हे. सील पुन्हा लावता येते.

हाच प्रोसेसर खोक्याविना, कारखान्याच्या ट्रेमधूनही बाजारात येतो आणि थोडा स्वस्त पडतो. ट्रेचा माल नकली नसतो. मोठ्या संगणक-उत्पादकांसाठी तो तसाच निघतो. परंतु त्याची हमी निर्माता थेट गिऱ्हाइकाला देत नाही, ज्याने विकला त्याच्याकडेच जावे लागते. हा भेद किती महागात पडू शकतो ते २०२४ साली दिसून आले. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे अधिक शक्तीचे डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त विद्युत्‌दाब मागत होते आणि त्यामुळे काही महिन्यांत झिजून अस्थिर होत होते. कंपनीने ऑगस्ट २०२४ पासून त्यावर सूक्ष्म-आज्ञावलीची दुरुस्ती पाठविली आणि खोक्यातील प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षांची केली. ट्रेचा माल घेतलेल्यांना मात्र आपापल्या विक्रेत्याकडे जाण्यास सांगितले. त्या दिवसांत माझ्याकडे अंधेरीतील संकलकांची यंत्रे येत असत. लांबलचक दृश्य प्रस्तुत होताना मध्येच यंत्र कोसळे, आणि कारण एकच निघे. ज्यांच्याजवळ खोके आणि पक्के बिल होते त्यांना प्रोसेसर बदलून मिळाला. ज्यांनी थोड्या पैशांसाठी ट्रेचा घेतला होता, त्यांच्यापैकी काहींच्या विक्रेत्याचे दुकान तोवर दुसऱ्याच धंद्याचे झाले होते.

ग्राफिक्स कार्डांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, कारण पैसा तेथे सर्वांत जास्त गुंततो. जुन्या, कित्येक पिढ्या मागच्या कार्डाची अंतर्गत आज्ञावली बदलून ते नव्या कार्डाचे नाव सांगेल अशी व्यवस्था करण्याचा प्रकार इतका बोकाळला होता, की जीपीयू-झेड या तपासणीच्या प्रणालीने २०१८ साली अशा कार्डाच्या नावामागे ते बनावट असल्याचा शिक्का दाखविण्यास सुरुवात केली. ही प्रणाली फुकट मिळते आणि दोन मिनिटांत चालते. नवे कार्ड बसविल्यावर पहिले काम तेच. पुढे २०२१ च्या टंचाईत कार्डे दुप्पट भावाने विकली गेली, आणि मागोमाग १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमच्या व्यवस्थेत बदल होऊन त्या चलनाचे खाणकाम ग्राफिक्स कार्डांवर करण्याचे प्रयोजनच संपले. अहोरात्र राबलेली असंख्य कार्डे मग बाजारात उतरली. पुसून, पंखे बदलून, नव्या पिशवीत घालून. स्मृतिचिपांवरच्या उष्णतावाहक पट्ट्यांतून पाझरलेले तेल पाटीवर दिसणे, खाचेत बसणाऱ्या सोनेरी कडेवर घासल्याच्या रेषा असणे, मागच्या पत्र्यावर गंजाचे ठिपके असणे या खुणा तेव्हापासून माझे डोळे आपोआप शोधतात. अगदी अव्वल दर्जाच्या ४०९० कार्डांच्या बाबतीत तर परदेशांतून अशी वृत्ते आली, की मुख्य चिप आणि स्मृतिचिपा काढून घेतलेली पोकळ पाटी मूळच्या आवरणात बसवून विकली गेली. वजन हाताला जाणवते तेवढे. कार्ड मात्र मृत. म्हणून एवढ्या किमतीचे कार्ड चालू करून पाहिल्याशिवाय, आणि अर्धा तास तरी पूर्ण भाराखाली चालविल्याशिवाय, पैसे चुकते झाले असे मी मानीत नाही.

अमेरिकेत असलेल्या भावाकडून किंवा मुलाकडून कार्ड मागविणारी मराठी घरे आता थोडी नाहीत. भाव तिकडे पुष्कळदा खरोखरच कमी असतो. परंतु अनेक कंपन्यांची कार्डांची हमी ज्या देशात विक्री झाली त्या देशापुरतीच असते, आणि बिघाड झाला की कार्ड पुन्हा सातासमुद्रांपलीकडे पाठवावे लागते. मागविण्यापूर्वी त्या विशिष्ट कंपनीच्या हमीच्या अटी वाचून घ्याव्यात. काही कंपन्या आंतरराष्ट्रीय हमी देतात, त्यांचे मागवावे. इतरांचे मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साठवणुकीच्या डिस्कांबद्दल पूर्वी मी निर्धास्त असे. डिस्क स्वतःच्या वापराच्या तासांची नोंद ठेवते, ती क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रणालीत वाचता येते, आणि नवी म्हणून घेतलेली डिस्क शेकडो तास चाललेली निघाली तर ती परत करावी, इतका हा मामला सरळ होता. २०२५ च्या आरंभी जर्मनीतून जे प्रकरण उघडकीस आले त्याने या विश्वासाला तडा गेला. चिया नावाच्या आभासी चलनासाठी वर्षानुवर्षे वापरलेल्या सीगेटच्या मोठ्या डिस्का, त्यांच्यातील ही नोंद पुसून, नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. सुदैवाने या डिस्का फार्म नावाची आणखी एक अंतर्गत नोंदवही ठेवतात आणि ती पुसली गेली नव्हती; दोन्हींतील तासांची रुजुवात घातली की लबाडी उघडी पडते. सीगेटची मोठी डिस्क हाती आली की मी दोन्ही नोंदी छापून बिलासोबत गिऱ्हाइकाच्या फाइलीत लावतो. घनस्थिती डिस्कांपैकी (एसएसडी) सॅमसंगच्या डिस्का कंपनीच्याच मॅजिशियन या प्रणालीत तपासाव्यात. रॅम रात्रभर मेमटेस्टवर ठेवावी. २०२५ च्या अखेरीस स्मृतिचिपांची टंचाई होऊन रॅमचे भाव भडकले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशियल या नावाने किरकोळ गिऱ्हाइकांना माल विकणे थांबविण्याचे जाहीर केले. टंचाईच्या काळात वापरलेला आणि नाव बदललेला माल नेहमीच वर येतो, तेव्हा अशा दिवसांत तपासणीत दुप्पट कसोशी ठेवणे भाग आहे.

एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरविणारी पेटी, हा भाग गिऱ्हाईक सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत घेते, आणि ते मला मुळीच पसंत नाही. बाकीच्या साऱ्या भागांचे आयुष्य या एका पेटीच्या हाती असते. २००४ साली सुरू झालेल्या ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचे चिन्ह खोक्यावर कोणीही छापू शकतो. प्रमाणित झालेल्या नगांची यादी खुली आहे, तीत ते नाव आणि ती क्षमता शोधावी. जुना एसएमपीएस मूळच्या केबलींविना मिळत असेल तर घेऊच नये, कारण पेटीच्या बाजूच्या टोकाची जोडणी प्रत्येक कंपनीची निराळी असते आणि एकीची केबल दुसरीला लावल्याने डिस्का क्षणार्धात जळून जाऊ शकतात.

परदेशातून आलेल्या प्रत्येक पॅकबंद वस्तूवर, वैध मापनाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे, आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, महिना व वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क देणारी चिठ्ठी असलीच पाहिजे. माझ्या दृष्टीने सबंध खोक्यावरील सर्वांत मोलाचा मजकूर हाच. पुण्याच्या त्या बाईंच्या कार्डाच्या खोक्यावर ही चिठ्ठी नव्हती. ती असली तर वस्तू कायदेशीर मार्गाने देशात आली आणि तिला इथे कोणी वाली आहे, याचा तो सहज दिसणारा दाखला. रेडिंग्टन, राशी पेरिफेरल्स, सेव्हेक्स, सुपरट्रॉन अशा वितरकांची नावे या धंद्यात सर्वश्रुत आहेत. आपल्याला हव्या असलेल्या भागाचा भारतातील वितरक कोण, हे निर्मात्याच्या संकेतस्थळावर पाहावे आणि चिठ्ठीवरचे नाव त्याच्याशी मिळते का ते बघावे.

इतके पाळणाऱ्याला मग पेठ कोणतीही चालते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तापकीर गल्ली, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कोलकात्याची चांदनी, या सर्व ठिकाणी अत्यंत सचोटीचे व्यापारी आहेत आणि त्यांच्या शेजारच्याच गाळ्यात तसे नसलेलेही आहेत. लॅमिंग्टन रोडवरचे प्राइमएबीजीबी, कोलकात्याचे एमडी कॉम्प्युटर्स, चेन्नईचे द आयटी डेपो अशा देशभर माल पाठविणाऱ्या दुकानांचे भाव संकेतस्थळावर उघड असतात. ते आधी पाहून ठेवले तर काउंटरवर सांगितलेला भाव अवास्तव चढा आहे की संशय यावा इतका उतरलेला, हे लगेच ताडता येते. मोठ्या सर्वसमावेशक संकेतस्थळांवर मात्र एकच वस्तू अनेक विक्रेते विकत असतात. तेथे संकेतस्थळाच्या कीर्तीवर विसंबून न राहता विक्रेत्याचे नाव वाचावे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे विक्रेत्याचा तपशील आणि वस्तूचा मूळ देश तेथे दाखविणे बंधनकारक आहे. घरी आलेले खोके उघडताना त्यावरील चिठ्ठीपासून आतील क्रमांकापर्यंत सलग चित्रण करून ठेवावे.

एवढे करूनही फसवणूक झाली तर गप्प बसू नये, ही माझी प्रत्येक गिऱ्हाइकाला कळकळीची विनंती असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगापुढे दाद मागण्याचा अधिकार दिला आहे, म्हणजे कोल्हापूरच्या माणसाने कोलकात्याहून मागविलेल्या कार्डासाठी त्याला कोल्हापूर सोडावे लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर आयोग शुल्क घेत नाही. पक्के बिल मात्र जोडावे लागते.